समान मजुरीवरचं संगीत नाटक, वऱ्हाडीत: गोष्ट तिकडची ठेवावी का वावरात आणावी?

पराटी_पाटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचतगटाच्या बाया ८ मार्चला संगीत नाटक करणार आहेत. दीड तास, मध्यंतर नाही. चौदा बाया, तीन गडी. साथीला हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी, टाळ. बहुतेक जणी रोजानं वावरात जाणाऱ्या. गाता सगळ्यांना येतं, भुलाबाईची गाणी आणि भजन दोन्ही पाठ. संहिता वाचणं मात्र पाच-सहा जणींनाच जमतं.

गोष्ट निवडली आहे इंग्लंडची. १९६८ साली डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यात मोटारीच्या सीटांची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायांनी समान पगारासाठी संप केला, ती. बायांना ऐकवली तर एकदम पटली. अडतंय ते तीन ठिकाणी. गोष्ट तिकडचीच ठेवावी, का माणसं-नावं बदलून सरळ वावरात आणावी? दीड तासात गाणी किती पेलतील? आणि शेवट जिंकल्याचा करावा का? तिकडचा निकाल वाटतो तितका सरळ नाही.

अनुभवी मंडळींनी लिहावं. तालीम फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते.

ठेचा_भाकर

पह्यले हे सांगा ताई, मोटार स्टेजवर आननार काय? बंडी पाह्यजे असन तर सांगा. बैल सोताचे आनजा.

खडी_गंमत

दोन्हीपैकी एक कशाला निवडता? आपल्याकडे शाहीर आहे ना. भंडारा-गोंदियाकडच्या खडी गंमतीत शाहीर उभा राहून हवी ती गोष्ट सांगतो, मध्येच थांबून सोंगाड्याशी बोलतो, प्रेक्षकाला टोमणा मारतो, परत गोष्टीत शिरतो. डॅगनहॅम शाहिराच्या तोंडी ठेवा, कवनात. वावर पात्रांच्या अंगावर ठेवा. म्हणजे वऱ्हाडी बाईला गाऊन घालून 'मिस्टर अमुक' म्हणायची पाळी येत नाही (ते विनोदी दिसतं, आणि चुकीच्या जागी हशा येतो), आणि फोर्डचं नाव उचलून इथल्या जिनिंगला चिकटवायची गरजही उरत नाही.

प्रमाण साधारण असं धरा: नव्वद मिनिटांत तिकडची गोष्ट पंधरा ते अठरा. तीन तुकड्यांत. पहिला तुकडा सुरुवातीला (बाया मशीन बंद करून उठल्या), दुसरा मधे (सीटा नाहीत म्हणून गाड्यांचं काम अडलं), तिसरा शेवटी. शाहीर बाईच असावी. परंपरेत गडी लुगडं नेसून नाचतो. इथं बाईनं फेटा बांधला की अर्धं म्हणणं तिथंच होऊन जातं.

कलम_चार

खडी_गंमत यांच्याशी सहमत. पण कवनात घालायचं तर तपशील पक्का हवा.

बाया ७ जून १९६८ ला बाहेर पडल्या. भांडण दोन पदरी होतं. एक, त्यांचं काम 'ब' वर्गात, म्हणजे अकुशल, धरलं होतं. त्यांचं म्हणणं, आम्ही 'क' वर्गातल्या. दुसरं, त्या 'ब' वर्गातसुद्धा पुरुषांपेक्षा १५ टक्के कमी. संप तीन आठवडे चालला. मंत्री बार्बरा कॅसल यांनी बैठक घेतली. हाती आलं ते असं: पुरुषांच्या दरापेक्षा ८ टक्के कमी, इथपर्यंत वाढ लगेच, पूर्ण 'ब' दर पुढच्या वर्षी. 'क' वर्ग मिळायला १९८४ उजाडलं, आणि त्यासाठी आणखी सहा आठवड्यांचा संप करावा लागला. मधे १९७० चा समान वेतन कायदा झाला, तोही अमलात आला १९७५ च्या डिसेंबरअखेर.

आता सावधगिरी. या संपावर सिनेमा आहे, त्यावरून संगीत नाटकही झालं. संप घडला हे कुणाच्या मालकीचं नाही, पण त्यातली पात्रं, संवाद, गाणी मालकीची आहेत. सिनेमातली नायिका काल्पनिक आहे. तिचं नाव कवनात घातलं की घोटाळा. खऱ्या पुढाऱ्यांची नावं हवी असतील तर रोझ बोलंड, आयलीन पुलन, व्हेरा साईम, ग्वेन डेव्हिस, शीला डग्लस. 'रोझ' आणि 'शीला' ढोलकीवर छान बसतात, आणि शीला तर आपल्याच गावची वाटते.

आपल्याकडचा धागा: घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतन आहे. समान वेतनाचा वटहुकूम १९७५ चा, कायदा १९७६ चा. आता तो वेतन संहिता २०१९ मध्ये सामावला. शब्दरचना लक्षात ठेवा: 'तेच काम किंवा तशाच स्वरूपाचं काम'. अख्खं नाटक या चार-पाच शब्दांवर उभं राहणार आहे.

ठेचा_भाकर

१६ वर्षं! आमच्या गावच्या रस्त्याले अजून तेवढी नाही झाली. आशा आहे.

धुरेकरी

कलम_चार यांच्या शेवटच्या वाक्यावरून पुढे. वावरात गोष्ट आणायची तर कुठलं काम स्टेजवर दाखवता ते आधी ठरवा. इथं बहुतेक संहिता फसतात.

कापूस वेचणी दाखवू नका. दिसायला सुंदर, पांढरं वावर, पाठीला ओटी, सगळ्यांना मोह होतो. पण वेचाई किलोवर असते. बाईनं वेचलेला किलो आणि गड्यानं वेचलेला किलो, दर एकच. तिथं भांडण दराचं असतं, काट्याचं असतं, असमान मजुरीचं नसतं. प्रेक्षकात बसलेली पहिली म्हातारीच म्हणेल, "व माय, वेचाईले कुठी फरक असते?" आणि नाटक तिथंच पडलं.

निंदणही अडचणीचं. निंदण बायाच करतात, सोबत गडी नाही, मग तुलना कुणाशी? मालक म्हणणार, गडी फवारतो, सोळा लिटरचा पंप पाठीवर घेतो, ते काम वेगळं. कायद्याच्या शब्दातही ते वेगळं ठरू शकतं.

फरक उघडा दिसतो तो सोंगणीत, म्हणजे कापणीत. सोयाबीन, हरभरा, गहू. गडी आणि बाई एकाच धुऱ्यावरून (बांधावरून) शेजारशेजारची पात धरतात, त्याच विळ्यानं कापतात, बरोबरच दुसऱ्या धुऱ्याला पोचतात. गुत्त्यानं (ठेक्यानं) घेतलं तरी वाटणीच्या वेळी बाईचा हिस्सा खाली येतो. तिथं बोट ठेवा.

आठ_एकर

कास्तकाराच्या बाजूनं कोणी बोलणार की नाही? बायांचा रोज अकरा ते सहाचा असतो. गडी आठला हजर. तासच कमी तर मजुरी कमी, यात अन्याय कोणता? नाटकात कास्तकार मिशा पिळत फिरवला की टाळ्या मिळतात, पण समोर बसलेल्यातले निम्मे तीन-चार एकरवाले असतात. त्यांची बायको सकाळी दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाते.

धुरेकरी

@आठ_एकर, मुद्दा बरोबर आहे, आणि तो नाटकात यायलाच हवा. फक्त हिशेब पूर्ण करा.

नाटकापुरते आकडे धरू: गड्याला ४००, बाईला २५०. गडी आठ ते पाच, जेवणाचा तास वजा, म्हणजे आठ तास. तासाला ५० रुपये. बाई अकरा ते सहा, तिचाही तास वजा, सहा तास. तासाला पावणेबेचाळीसच्या आत. गड्याच्या दरानं तिच्या सहा तासांचे ३०० होतात. म्हणजे तासाचं कारण मान्य केलं तरी ५० रुपये गायबच. दीडशेतले शंभर तासांनी समजावता येतात, पन्नास कशानंच नाही.

हे दृश्य लिहाच. मालकानं तासाचं कारण सांगायचं, बायांनी गप्प व्हायचं, आणि मग शाळेत जाणाऱ्या पोरीनं पाटीवर भागाकार मांडायचा. प्रेक्षक मनात बरोबर भागतो. आकडे मुद्दाम सोपे ठेवा. ३७५ आणि २३५ घेतलेत तर कुणी भागाकार करणार नाही.

आठ_एकर

भागाकार मान्य. पण मग नाटकाची मागणी ४०० ची करता येत नाही, ३०० ची करा. बाया स्टेजवर ४०० मागणार आणि तास सहाच देणार, तर माझ्यासारखा उठून बोलेल.

वेणा_काठ

यावर सोपा उपाय आहे: सोयाबीन सोडा, हरभरा घ्या. हरभऱ्याची सोंगणी पहाटे, दव असताना. ऊन तापलं की घाटे फुटतात, दाणा वावरातच गळतो. म्हणून गडी असो की बाई, सगळे पाचला वावरात आणि अकराच्या आत बाहेर. तास दोघांचे तेच. आठ_एकर यांचा आक्षेप उरतच नाही, ४०० ची मागणी सरळ उभी राहते. शिवाय हरभऱ्याची आंब हाताला लागते, कातडी चरचरते. ती काही बाईचा हात बघून कमी लागत नाही. हे एक वाक्य संवादात घाला.

अजून एक. ८ मार्च म्हणजे सोंगणी जेमतेम उरकलेली. प्रेक्षकांच्या हाताची आग गेली नसेल. पण हीच गोष्ट तालमीच्या आड येते: फेब्रुवारीत पहाटे पाचला वावरात जाणारी बाई रात्री साडेनऊपर्यंत तालमीत थांबणार नाही. साडेसात ते पावणेनऊ, त्याच्यापुढे नको. बाजाराच्या दिवशी तालीम ठेवूच नका.

पराटी_पाटी

@वेणा_काठ, हरभरा पक्का. एका दमात दोन गाठी सुटल्या.

@आठ_एकर, तुमचा तासाचा मुद्दाही टाकत नाही. तो मालकाच्या तोंडी पहिल्या अर्ध्यात, निंदणाच्या दिवसांबद्दल. मग हरभऱ्यात त्याच्याकडे तेही कारण उरत नाही.

काळी_चार

आता गाण्यांकडे वळा की कोणीतरी.

दीड तासाला सात गाणी. सरासरी साडेतीन मिनिटं धरली तर पंचवीस मिनिटं. यापेक्षा जास्त घेतलीत तर न शिकलेल्या आवाजांचा गळा शेवटच्या दोन गाण्यांत बसतो. सातपैकी चार समूहाची, दोन सवाल-जवाबाची, एकच एकटीचं.

पट्टी. बायांचा सा काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) ठेवा, समूहासाठी पांढरी पाचही चालेल. भजनी मंडळात पुरुषांच्या सोयीनं काळी एक लावलेली असते आणि बाया एकतर वर ओरडतात नाहीतर खाली गुणगुणतात. ती सवय पहिल्या तालमीतच मोडा. अडचण येते सवाल-जवाबात, कारण काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. त्याचाच फायदा घ्या: गड्यांचा सा काळी एक, बायांचा सा तिचा पंचम. मालक आपल्या 'सा'वर संपवेल, बाया तिथूनच पाच स्वर वर सुरू करतील. पट्टी बदलल्याचं पेटीवाल्याला कळेल, ऐकणाऱ्याला फक्त बायांनी आवाज चढवल्यासारखं वाटेल.

चाली भुलाबाईच्या वळणाच्या ठेवा, पण अंतरा पंचमाच्या वर फार जाऊ देऊ नका. ताल दादरा आणि केरवा, बस. खंजिरी प्रत्येक गाण्यात वाजवायची हौस आवरा, नाहीतर सगळंच भजन वाटतं. ती शाहिराच्या तुकड्यांसाठी राखून ठेवा.

गाणी शिकवताना कागद देऊ नका. पेटी आणि एकच आवाज असं फोनवर ध्वनिमुद्रित करा, एका ओळीनंतर तेवढीच मोकळी जागा सोडा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. कामाच्या वेळी कानात ऐकून चार-पाच दिवसांत गाणं बसतं. ढोलकीसकट मुद्रण पाठवलं तर शब्द नीट कानावर येत नाहीत आणि चुकीचे पाठ होतात. एकदा चुकीचा पाठ झालेला शब्द मग ब्रह्मदेवालाही निघत नाही.

झाडीची_मैना

सात?? वडसा-देसाईगंजकडचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं, नाटक रात्रभर चालते, लोक गाण्यासाठीच बसतात, वन्समोअर घेतात. सात गाण्यांवर झाडीपट्टीचा प्रेक्षक पैसे परत मागेल. 😄 निदान दहा करा आणि मधे एक चटकदार लावणीवजा टाका.

काळी_चार

@झाडीची_मैना, झाडीपट्टीत गाणारे कलावंत मुरलेले असतात, दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रीमागून रात्र गातात. इथं पहाटे पाचला उठून हरभरा सोंगलेली बाई गाणार आहे. सातच. वन्समोअर आला तर शेवटचा अंतरा तेवढा परत घ्यायचा, पूर्ण गाणं नाही, हे ढोलकीवाल्याशी आधीच ठरवून ठेवा.

ओवी_पोवाडा

मुख्य गाण्याचा मुखडा सुचवते, वापरायचा तर वापरा:

एका धुऱ्याहून दोघाईची पात,
एकाच हरभऱ्यानं सोलले हात,
त्याचे चारशे, माहे अडीचशे,
दीडशे गेले कोनाच्या ताटात?

काळी_चार

वा! केरव्यात चपखल. तिसऱ्या ओळीत 'चारशे' नंतर ढोलकी दोन मात्रा बंद ठेवा. 'अडीचशे' बोलताना 'डी' ओढा, नाहीतर पाठीमागच्या रांगेला नुसतं 'चशे' ऐकू येईल. आकडा ऐकू आला नाही तर चौथ्या ओळीला अर्थच नाही. शेवटची ओळ समूहानं गाऊ नये, एकीनंच, आणि मालकाकडे न बघता.

खडी_गंमत

मालकालाही तेवढ्याच लांबीचा अंतरा द्या. भाव, खत, वीज, कर्ज, सगळं. आणि चाल तीच. त्याला बेसूर किंवा बोबडा करू नका. तो पटणारा असेल तरच बायांचा जवाब चढतो.

आठ_एकर

@खडी_गंमत, धन्यवाद. मिशा मात्र चालतील.

वायरमन

आवाज आणि दिव्यांचं कोणी विचारलं नाही, पण नाटक तिथंच बसते म्हणून लिहितो.

कॉलर माइक घेऊ नका. वावरातली बाई साडीवर फुल बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला दुपट्टा बांधते. पोशाख तोच ठेवाल. शर्टची कॉलर माइकवर घासली की स्पीकरमधून वावटळ निघते. वरून टांगलेले चार माइक घ्या, झाडीपट्टीत टांगतात तसे. नियम असा: गाणारी माइकपासून जेवढी दूर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकमध्ये. तोंडापासून दोन फुटांवर माइक तर शेजारचा सहा फुटांवर. चार माइकमध्ये अठरा फूट होतात, वीस फुटांचं स्टेज झाकलं जातं. जवळजवळ टांगले तर आवाज पोकळ येतो. स्पीकर माइकच्या ओळीपासून सहा-आठ फूट पुढे, तोंड प्रेक्षकांकडे. मागं ठेवले की शिट्टी ठरलेली.

आता सोंगणीचं दृश्य. बाया उकिडव्या बसून गाणार असतील तर तोंड स्टेजपासून अडीच फुटांवर, माइक सात फुटांवर. आवाज गेला. त्यात पोट दुमडलेलं, श्वास पुरत नाही. आणि प्रेक्षक ताडपत्रीवर बसलेला, स्टेज तीन फूट उंच, मागच्या रांगेतल्या उकिडव्या बाया त्याला दिसतच नाहीत. म्हणून: कापायचं बसून, गायचं उभं राहून. आठ मात्रा कापणी, मग उभं राहून पेंढी बांधत ओळ. मागच्या रांगेखाली नऊ इंच उंचीच्या फळ्या.

खरा हरभरा किंवा सोयाबीनचं कुटार (भुसा) स्टेजवर आणू नका. धूळ उडते, दुसऱ्या गाण्यापर्यंत निम्मा समूह खोकतो, पेटीच्या सुरांतही जाऊन बसते. गोणपाटाच्या पट्ट्या हिरव्या-तपकिरी रंगवा, सुतळीनं पेंढ्या बांधा. विळे पुठ्ठ्याचे, वर चंदेरी कागद. चौदा बाया अंधारात धारदार विळे घेऊन आत-बाहेर करणार म्हटल्यावर दवाखाना दूर आहे हे लक्षात ठेवा.

दिवे एलईडी पार घ्या. चार मिळून एका हजार वॅटच्या हॅलोजनपेक्षा कमी वीज खातात आणि उघड्यावर टांगलेल्या कपड्याला आग लागायची भीती नाही. जनरेटर किमान शंभर फूट लांब, वारा वाहतो त्या दिशेला. केबल अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर). घरातली एक स्क्वेअरची वायर शंभर फूट ओढली की अँप्लिफायर मधेच रुसते.

पेटी_मास्तर

@वायरमन, एक भर. मार्चच्या रात्रीही उघड्यावर ढोलकीचं पान उतरतं. दोन ढोलक्या ठेवा, एक आत कापडात गुंडाळून. तिसऱ्या गाण्यानंतर बदलायची. पेटी उतरत नाही, त्यामुळे फरक लगेच कानाला लागतो.

ठेचा_भाकर

येवढी चौकशी झाली, तर मी बी एक करतो. ढोलकीवाल्याले किती देनार? अन् बायांले किती?

पराटी_पाटी

ढोलकी आणि पेटी तालुक्याहून येतात, त्यांना प्रयोगाचे आणि चार तालमींचे पैसे ठरले आहेत. बाया हौसेनं करतात.

ठेचा_भाकर

बस्स. हेच त मालक म्हनते दुसऱ्या अंकात.

कलम_चार

😂 'तशाच स्वरूपाचं काम' या शब्दात ढोलकी आणि समूहगान बसतं का, यावर खंडपीठ नेमावं लागेल.

पेटी_मास्तर

कसब वेगळं, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. साथीदाराला पैसे मिळालेच पाहिजेत, त्याची ती रोजी आहे. हे तोलून मापून बोला.

धुरेकरी

@पेटी_मास्तर, 'कसब वेगळं' हेच फोर्डनं शिवणकाम करणाऱ्या बायांना सांगितलं होतं, फक्त उलट बाजूनं. साथीदाराचे पैसे कापा असं कोणी म्हणत नाही. जमा होणाऱ्या वर्गणीतून साथ, मांडव, आवाज यांचा खर्च वजा करून उरलेलं सतरा जणांत सारखं वाटा. गड्यांना जास्त नाही, मुख्य भूमिकेलाही नाही. आणि तो हिशेब प्रयोगाच्या दिवशी मांडवाच्या खांबाला लावा.

पराटी_पाटी

हे करते. बचतगटाच्या रजिस्टरमध्येच वेगळं पान उघडते.

वेणा_काठ

फलकाचा प्रसंग घेणार ना? डॅगनहॅमच्या बायांचा फलक पूर्ण उलगडला नव्हता, समानतेचा शब्द घडीत राहिला आणि उरलेल्या शब्दांचा भलताच अर्थ झाला. फोटो जगभर गाजला. तो इंग्रजी विनोद आपल्याकडे चालणार नाही, गावात तर मुळीच नाही. पण युक्ती उचलता येते. दहा फूट कापडावर लिहा: 'आमाले मान नको, समान दाम द्या'. उजवीकडचं टोक काठीला गुंडाळलेलं राहू द्या, म्हणजे दिसतं फक्त 'आमाले मान नको'. मालक खूश होऊन टाळ्या वाजवतो. मग पोरगी काठी फिरवते.

ओवी_पोवाडा

हे भारी आहे!! काठी फिरवायला अडचण नको म्हणून कापड मांजरपाट घ्या, फ्लेक्स नको. फ्लेक्स गुंडाळला की परत आपोआप वळतो आणि वाऱ्यात फडफडून माइकमध्ये शिरतो.

सावली_आत्या

एक गोष्ट कोणी बोललं नाही. या बाया ९ तारखेला पुन्हा त्याच लोकांच्या वावरात जाणार आहेत. मालकाचं पात्र गावातल्या कोणासारखं दिसू-बोलू नये. ना गाडी, ना टोपी, ना लकब. गावाचं नाव काल्पनिक. वावराची खूण (अमक्या नाल्यापलीकडचं वगैरे) नको. आणि पहिला प्रयोग शेजारच्या गावात करा, आपल्या गावात दुसरा. म्हणजे लोक नाटक बघायला येतात, स्वतःला शोधायला येत नाहीत. मालकाचं काम गावातल्याच एखाद्या लहान कास्तकारानं केलं तर सगळ्यात उत्तम. आठ_एकर, मोकळे आहात काय?

आठ_एकर

गळा नाही. मिशा आहेत.

रोहयो_मस्टर

उशिरा आलो, पण संहितेला उपयोगी: बायांना 'समान दर' ही कल्पना परकी नाही. रोजगार हमीच्या मातीकामावर माप घेऊन दर ठरतो आणि तो बाई-गडी बघत नाही. महाराष्ट्राचा रोहयो कायदा १९७७ चा, म्हणजे वय झालेल्या बायांनी तो दर हातात घेतलेला आहे. एखाद्या म्हातारीला हा संवाद द्या: बांधावर एक दर, त्याच बांधाच्या आत वावरात दोन दर. मालकाकडे याला उत्तर नसतं, कारण त्याच्याही घरचं कोणीतरी त्या मस्टरवर (हजेरीपटावर) असतं.

झाडीची_मैना

सगळं झालं, शेवटाचं राहिलंच की. पराटीताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं. माझं मत: जिंकवा. लोक रडके शेवट घेऊन घरी जात नाहीत.

कलम_चार

पूर्ण जिंकवलं तर डॅगनहॅमचा तिसरा तुकडा खोटा पडतो. तिथं लगेच मिळालं ते आठ टक्के कमीच.

खडी_गंमत

जिंकणं आणि कमी पडणं एकाच दृश्यात दाखवता येतं. हप्त्याचा दिवस, बाजार. मालक नोटा मोजतो. तडजोड ३५० ची झाली असं धरा. सहा दिवसांचे २१००. आधी १५०० मिळायचे, म्हणजे सहाशे जास्त, बाया खूश. मग शेजारचा गडी आपले मोजतो: २४००. ती तीनशेची जागा नुसती पाहायची, भाषण नको. लगेच शाहीर १९६८ पासून १९८४ पर्यंतचं कवन घेते, आणि समूह मुखडा बदलून गातो, 'दीडशे' च्या जागी 'पन्नास'. चाल तीच, लय दुप्पट. झाडीची_मैना, लय दुप्पट झाली की कुणी रडत नाही, बघा.

ओवी_पोवाडा

'पन्नास गेले कोनाच्या ताटात' बसतं. आणि वरच्या ओळीत 'माहे साडेतीनशे' होईल, तिथं एक अक्षर जास्त आहे. 'त्याचे' उचलून 'चारशे त्याचे, साडेतीनशे माहे' करा.

काळी_चार

चालेल, पण दुप्पट लयीत 'साडेतीनशे' जिभेला अडखळतं. तिसरी ओळ मूळ लयीतच ठेवा, चौथीपासून दुप्पट घ्या.

झाडीची_मैना

बरं. पण वन्समोअर आला तर मला आठवा.

पराटी_पाटी

ठरलं तर मग: शाहीर बाई, हरभरा, सात गाणी, हप्त्याचं दृश्य शेवटी. मुखड्यासाठी ओवी_पोवाडा यांचं नाव पत्रिकेत येईल. राज्य नाट्य स्पर्धेला पाठवायचा विचार आहे, तर संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं काय?

कलम_चार

स्पर्धेला लागेलच, म्हणून संहिता टंकून घ्या, गाण्यांसकट. टंकल्यानंतर तालमीत ओळी बदलत राहिलात तर प्रयोग आणि प्रमाणित संहिता जुळत नाही. म्हणून आधी बसवा, मग पाठवा. गावच्या प्रयोगासाठी पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज वेळेत द्या. रात्री दहानंतर आवाज बंद.

वायरमन

आणि मार्चमध्ये दहावी-बारावीची परीक्षा असते. दहाची वाट पाहू नका, स्पीकरचं तोंड वस्तीच्या उलट ठेवा आणि सातला सुरू करा. 'सात' म्हणजे पत्रिकेत साडेसहा छापा.

ठेचा_भाकर

सहा छापा. आमच्या इकडचे लोक हायत ते.